चाकू करायला चौसाळ्याला

जेवायला बसलेलं असताना कुणी माझ्या तोंडावर कांदा फेकून मारील, आणि फेकणारी एक बाई असेल, असं नगर सोडताना मला कुणी सांगितलं असतं, तर मी जामखेडच्या अलीकडेच गाडीतून उतरून परत फिरलो असतो. पण प्रवासात पुढचं आधी कळत नाही. त्या बारा दिवसांत मला एवढे धक्के बसले की परत येऊन दोन महिने होत आले तरी मन ठिकाणावर नाही. म्हणून हे लिहून काढतो. आमच्याकडचे लोक निजामाच्या हद्दीत सहसा जात नाहीत, तेव्हा तिकडची थोडी माहितीही त्यांना होईल.

आधी मी कशाला गेलो ते सांगतो. मी माळी. नगरजवळ एका शेटजींची संत्र्या-मोसंब्यांची बाग आहे, तिथे वीस वर्षं मी डोळे भरतो. डोळे भरायचे म्हणजे चांगल्या झाडाच्या फांदीवरचा एक फुगीर डोळा सालीसकट अलगद काढायचा, रानटी लिंबाच्या रोपाच्या सालीला चीर देऊन तिच्यात बसवायचा आणि वरून केळीच्या सोपटाने, म्हणजे खोडाच्या सालीच्या पट्टीने, बांधून टाकायचा. तीन आठवड्यांनी सोडून बघितलं की डोळा हिरवा तरी असतो नाही तर काळा पडलेला असतो. सगळं कसब चाकूत आहे. आमच्या चाकूला एकाच अंगाने धार घासलेली असते आणि दुसरं अंग पाटीसारखं सपाट असतं. ते सपाट अंग लाकडाला टेकवून कापलं की काप काचेसारखा निघतो. माझा काप बघायला लांबलांबून माणसं यायची. हे मी फुशारकीने सांगतो आहे, आणि सांगणार.

मागच्या गुऱ्हाळात हौसेने चरकात ऊस घालायला बसलो आणि उजव्या हाताचं पहिलं बोट नि अंगठ्याचं वरचं पेर घालवून उठलो. जखम भरली, पण चाकू हातात राहीना. नगरच्या दोन लोहारांनी जाड मुठी करून दिल्या, त्याही सटकल्या. शेटजी माणूस वाईट नाही, पण डोळे भरायचा हंगाम माझ्या बोटांसाठी थोडाच थांबणार? ते म्हणाले, "माघापर्यंत हात चालला तर बाग तुझी. नाही तर मला नाशकाकडचा माणूस आणावा लागेल." बागेतलं राहतं घरही त्या नोकरीबरोबरच होतं.

तुम्ही म्हणाल, डावा हात नव्हता का? तो चालवून पाहिला. जुना चाकू डाव्या हातात धरून चार रोपं कापली. चाकू दर वेळी सालीवरून घसरून खाली लाकडात घुसायचा. चारही रोपं वाळली. डावा तो डावाच, असं म्हणून मी तो नाद सोडला. शिवाय शेटजींच्या बागेतलं पहिलं फळ देवाला जातं, आणि देवाच्या कामाला डावा हात लावलेला आमच्याकडे कुणाला खपत नाही.

अशात नगरच्या बाजारात बीडचा एक छागलवाला भेटला. छागल म्हणजे पाणी ठेवायची कातडी पिशवी, बीडची छागल नावाजलेली. उस्मानभाई त्याचं नाव. लहानपणच्या तापाने त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं आखडली होती, आणि तरी तो त्याच हाताने कातड्यावर नागमोडी नक्षी कापत होता. त्याच्या रापीची, म्हणजे कातडं कापायच्या सुरीची, मूठ मी कधी पाहिली नव्हती अशी, वेडीवाकडी. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "हिरामण घिसाड्याच्या घरची हाय. बीडला या, मी गाठ घालून देतो." घिसाडी म्हणजे गावोगाव हिंडणारे लोहार. तिसऱ्या दिवशी मी निघालो. बरोबर एक करंडी संत्री घेतली.

सौताडा

जामखेड सोडलं की थोड्या वेळाने निजामाची हद्द लागते. तिथे करोडगिरीचा नाका, म्हणजे जकातीची चौकी. कारकुनाने माझी वळकटी उघडली आणि आतला चाकू बाहेर काढला. परमुलखात हत्यार घेऊन शिरल्याबद्दल आता मला अडकवतात, असं वाटलं. मी हात दाखवला, संत्री दाखवली, डोळे कसे भरतात ते काडीवर करून दाखवलं. कारकून हसला. त्याने वहीत उजवीकडून डावीकडे भराभर काहीतरी लिहिलं आणि मग माझं नाव, बापाचं नाव, गाव, सगळं बिनचूक वाचून दाखवलं. माझं नाव असं उलट्या बाजूने लिहिलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. आमच्याकडे कचेरीत मोडी आणि मराठी, इकडे सगळं उर्दू. पुढे दहा दिवस एकही पाटी मला वाचता आली नाही. वीस वर्षं शहाणा म्हणून मिरवलेल्या माणसाला असं अडाणी होऊन हिंडावं लागलं.

सौताड्याच्या दरीत धबधबा आहे. पौषात पाणी कमी होतं, तरी कड्यावरून सुतासारखी धार पडत होती. काठावर बसून दशम्या खाल्ल्या. तिथून पुढे बालाघाटाचे बोडके डोंगर, मधल्या खोऱ्यात शाळू उभा आणि बांधाबांधाला पिवळी करडई. पाटोदा, मांजरसुंबा करत गाडी बीडला उतरली तोपर्यंत माझी कंबर उतरली होती.

बीड

उस्मानभाईचं घर बिंदुसरेच्या काठी आहे. मला पाहताच त्याने खुंटीवरची छागल काढून पुढे केली. मी घुटमळलो. कातड्यातलं पाणी, तेही दुसऱ्याच्या घरचं; आमच्या घरी कळलं असतं तर मला अंगणातच उभं केलं असतं. पण घशाला कोरड पडली होती. प्यायलो. माठातल्या पाण्याहून गार होतं आणि किंचित तुरट. घरी हे अजून सांगितलेलं नाही, इथेच लिहितो आहे.

मग त्याने कोपऱ्यातली एक साधी वेताची काठी मला दिली आणि म्हणाला, "जरा मूठ वडून बगा." मी ओढली, तर आतून हातभर लांब लखलखीत पातं बाहेर आलं. मी काठी टाकून मागे सरलो आणि मागे वाळत ठेवलेल्या कातड्यांवर बसलो. उस्मानभाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. बीडच्या गुप्त्या प्रसिद्ध आहेत म्हणे. आमच्याकडे म्हातारे काठी घेतात ती चालायला.

त्याने जेवायची सोय शेजारच्या एका मराठा घरी केली. तिथे मला येसर मिळाली. येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांचं आणि मसाल्याचं पीठ, ते उकळत्या पाण्यात लावलं की झणझणीत आमटी होते. भाजी नाही, डाळ नाही आणि घरात पाहुणा आला, की आमच्याकडच्या बाया हवालदिल होतात. इथल्या बाईने डब्यातून मूठभर येसर काढली आणि भाकरी थापून होईस्तोवर आमटी तयार. कुस्करून कुस्करून खाल्ली. नाक-डोळे वाहत होते तरी थांबलो नाही.

"हिरामण कुठे भेटेल?" मी उस्मानभाईला विचारलं.

"घिसाड्याला ठिकाणा असतो व्हय? काल नारायणगडाच्या पायथ्याला गेलतो, तितं पाल हाय त्यांचं. एकादशीची गर्दी हाय, तवर ऱ्हातील. पर एक सांगतो, तिथं गेल्यावर राग आला तर गिळायचा."

"राग कशाला येईल?"

"जाऊन बगा," म्हणून तो परत हसायला लागला.

नारायणगड

गडावर देवदर्शन करून खाली आलो. पायथ्याला बैलांच्या घुंगरमाळा, रेवड्या, पानसुपारी, सगळी गर्दी. तिच्यापासून थोडं दूर, एका बाभळीखाली घिसाड्यांची तीन कापडी पालं होती. ठण ठण आवाज येत होता. जवळ गेलो आणि जागीच थांबलो.

एक काळाशार, पन्नाशीचा माणूस जमिनीवर उकिडवा बसून सांडशीने ऐरणीवर लाल लोखंड धरून होता. त्याच्या हातात एवढीशी हातोडी होती, ती तो नुसती टेकवून जागा दाखवत होता. आणि ज्या जागी तो दाखवी तिथे घण पडत होता एका बाईचा. पदर कमरेला खोचलेला, कासोटा घट्ट, हातात अंगठ्याएवढ्या जाड चांदीच्या पाटल्या, आणि मला दोन्ही हातांनी उचलायला जड जाईल असा घण ती डोक्यावरून फिरवून आणत होती. दुसऱ्या बाजूला तिची सून तसाच घण घालत होती. एकीचा उचलला की दुसरीचा पडायचा. चुकून एक इंच सरकला असता तर त्या माणसाच्या मनगटाचा चेंदा झाला असता, आणि तो मात्र निवांत तंबाखू चघळत होता.

आमच्याकडे बाया शेतात राबतात, ओझी वाहतात, पण घण? मी कितीतरी वेळ आ वासून उभा होतो. शेवटी त्या माणसानेच विचारलं, "काय पायजे, पावनं?"

"हिरामण घिसाडी तुम्हीच का? उस्मानभाईने पाठवलं. मला कलमाचा चाकू करून हवा आहे."

"हिरामण मीच. नाव माजं हाय. काम हिचं." त्याने हातोडीने बाईकडे दाखवलं. "जमना, बग गं."

मी करंडी खाली ठेवून हात पुढे केला, तुटकी बोटं नीट दिसतील असा. त्या हातासाठीच तर मी तीन दिवस गाडीत हाडं खिळखिळी करून घेतली होती. जमनाबाईने हाताकडे पाहिलंच नाही. माझा जुना चाकू तिने मात्र नखावर घासून पाहिला, पुसला आणि परत दिला. मग म्हणाली, "भाता वडा."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. हिरामण म्हणाला, "ज्याचं काम, त्यानंच भाता वडायचा. आमची रीत हाय." मी, नगरच्या बागेतला नावाजलेला कलमवाला, घिसाड्याच्या पालात बसून दुपारभर कातड्याचा भाता ओढला. माझं काम नव्हतंच ते. कुणाचे तरी विळे होत होते. एका हाताने दमलो की दुसऱ्या हाताने ओढायचो. ती घण घालता घालता मधूनच माझ्याकडे बघायची.

दुपारी तिने भाकरी आणि कारळाची चटणी दिली. पहिला घास तोंडात घालतो न घालतो तोच समोरून काहीतरी सणसणत आलं. मी दचकलो, अंग आपोआप हललं, आणि पाहतो तर माझ्या हातात कांदा. दहा पावलांवरून जमनाबाईने तो माझ्या तोंडाच्या रोखाने फेकला होता. हसण्यावारी नाही हो, अगदी नेम धरून.

"हे काय, बाई?" मी उठून उभा राहिलो.

"कांदा हाय," ती म्हणाली. "चटणीसंगं खा."

उस्मानभाईचं बोलणं आठवलं म्हणून राग गिळला. कांदाही खाल्ला.

चौसाळा

एकादशी उलटली आणि दुसऱ्या दिवशी पालं उठली. चाकूचं कुणी नावही काढलं नव्हतं. "चौसाळ्याच्या बाजाराला चाललो, तितं करू," एवढंच हिरामण म्हणाला. मला दुसरा उपाय नव्हता. त्यांच्या गाढवांच्या मागे, ऐरण घातलेल्या गाडीच्या बाजूने मी चालत निघालो. वाटेत एका शेतकऱ्याने सगळ्यांना हुरड्याला बसवलं. शेणीच्या आरावर भाजलेली कणसं, हाताने चोळून काढलेले गरम हिरवे दाणे, वर लसणाची चटणी आणि दही. आमच्याकडेही हुरडा होतो, पण रस्त्याने जाणाऱ्या घिसाड्यांना आपल्या पंगतीत कुणी बसवत नाही. इकडे बसवलं. मी खुशीत दाणे चोळत होतो, आणि पुन्हा कांदा आला. या वेळी बाजूने.

मी तो झेलला आणि रागाने तिच्याचकडे भिरकावला. तिने तो एका हाताने टिपला आणि नवऱ्याला म्हणाली, "बगितलं?" हिरामणने मान हलवली. मला वाटलं, या बाईच्या डोक्यात फरक आहे आणि मी आपला हंगाम इथे वाया घालवतो आहे. माघ लागायला आता फार दिवस नव्हते. त्या विचाराने मला रडू यायचं बाकी राहिलं.

चौसाळ्याला पोचल्यावर मात्र काम एकदम सुरू झालं. हिरामणने एक जुनी विलायती कानस काढली, म्हणाला, ह्याच्यासारखं पोलाद न्हाई. भाता मीच ओढला. कानस तापली, दोघी सासवासुनांनी ठोकून तिची बोटभर लांबीची पट्टी केली. हिरामणने घासून आकार दिला. मग जमनाबाई एकटी बसली. पाणी पाजायचं काम ती कुणाला करू देत नाही. पातं लाल करून तिने पाण्यात बुडवलं, पुसून परत निखाऱ्यावर धरलं आणि डोळे बारीक करून रंग बघत राहिली. पातं आधी पांढरं, मग वाळल्या कडब्यासारखं पिवळसर झालं, तशी तिने ते झटकन उचललं. हिरामणने म्हशीच्या शिंगाची मूठ तासली. माझ्या हाताचं माप कुणीही घेतलं नाही. जेवताना तिसरा कांदा आला, त्याचं मला काही वाटलं नाही इतका मी कांद्याला सरावलो होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी हिरामणने चाकू माझ्या पुढ्यात ठेवला. असलं देखणं पातं मी पाहिलं नव्हतं. घाईघाईने उचलून उजव्या हातात धरलं, तर मुठीचा उंचवटा नेमका तळव्यात रुतला. तुटक्या अंगठ्याला टेकायला जागाच नव्हती. चाकू फिरवून पाहिला. जे अंग सपाट हवं त्याला धार घासलेली, आणि जिथे धार हवी ते अंग सपाट.

"उलटा केलात!" मी ओरडलो. "पाच दिवस भाता ओढायला लावलात, तोंडावर कांदे मारलेत, आणि चाकू उलटा केलात! माझी नोकरी गेली हो!"

"वरडतो कावून बे?" हिरामण शांतपणे म्हणाला. "उलटा न्हाई. दुसऱ्या हातात धर."

"डाव्या हातात? आमच्या बागेचं पहिलं फळ देवाला जातं. डाव्या हाताने पाहिलंय करून. चाकू लाकडात घुसतो."

"उजव्या हाताचा चाकू डाव्यात धरला तर घुसनारच की," जमनाबाई म्हणाली. "त्यात हाताचा काय गुन्हा?"

मी चाकू फिरवून परत पाहिला. वीस वर्षं मी लोकांना शिकवत होतो की सपाट अंग लाकडाला टेकलं पाहिजे. जुना चाकू डाव्यात घेतला की धारेचं अंग लाकडाला टेकतं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. चार रोपं मारून मी हाताला दोष देऊन मोकळा झालो होतो.

ती माझ्या समोर येऊन बसली. "आमच्यात पोरगी तीन वरसाची झाली की तिच्याकडं कांदा फेकतो आमी. कंचा हात आदी उठतो त्ये बगतो. उजवा उठला तर तिला उजव्या अंगाला उबी करायची, डावा उठला तर डाव्या अंगाला. चुकीच्या अंगानं घण दिला तर चार वरसात मनगट जातंय पोरीचं. मागायला आलेल्या मानसाला इचारून काय कळत न्हाई. मानूस खोटं बोलतो, हात न्हाई बोलत. तुमच्याकडं तीनदा फेकला. तिन्ही बारीला डावा उठला. जेवताना उजवा गुतलेला म्हनाल, तर हुरडा चोळताना दोनी हात सारकेच कामात व्हते." मग ती म्हणाली, "उठला, आन् झेलल्यावर चोरासारका मागं गेला. त्यो मार खाल्लेला हात हाय. कुनी मारलं, दादा?"

तीस-पस्तीस वर्षांत ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असंच मला वाटत नव्हतं. माझे वडील देवळाला हार द्यायचे. मी तीन-चार वर्षांचा असताना फुलं ओवायला बसलो की सुई डाव्या हातात घ्यायचो. डाव्या हाताचा हार देवळात चालणार नाही, म्हणून वडील माझा डावा हात केळीच्या सोपटाने पाठीशी बांधून ठेवायचे. सकाळपासून दुपारपर्यंत. सुटला की मारायचे. वर्षभरात मी सुधारलो, असं आई सगळ्यांना कौतुकाने सांगायची. एवढं मी त्या बाईला सांगितलं.

"धरून तर बगा," ती म्हणाली.

पालामागे एक बोर होती. मी चाकू डाव्या हातात घेतला. मूठ अशी बसली की ती हातात आहे हेच कळेना. एक कोवळी फांदी वाकवली, डोळ्याच्या खाली पातं टेकवलं आणि ओढलं. डोळा सालीसकट माझ्या तळव्यावर पडला. काप मी उन्हात धरून पाहिला. वीस वर्षांत इतका स्वच्छ काप माझ्या उजव्या हाताने एकदाही घेतला नव्हता. ज्याच्यासाठी लांबलांबून माणसं यायची, तो काप माझ्या दुय्यम हाताचा होता. मी तिथेच खाली बसलो. आनंद झाला नाही, खोटं कशाला सांगू? राग आला, वडिलांचा, आणि ते जाऊन बारा वर्षं झाली आहेत.

निघताना संत्र्यांची करंडी मी जमनाबाईपुढे ठेवली. तिने एक संत्रं सोलून नातवंडांत वाटलं आणि सहज विचारलं, "तुमाला लेकरं किती?"

"एक मुलगी. सहा वर्षांची."

"तिचा कंचा?"

मी उगीच वळकटी आवळत बसलो. सगुणेचा हात कुठला ते मला पक्कं ठाऊक होतं. मागच्या वर्षीच्या दिवाळीपासून ती जेवताना डावा हात पुढे करी तेव्हा डाळिंबाच्या काठीने मी तिच्या बोटांवर मारत होतो. तिच्या भल्यासाठी. जमनाबाई माझ्या तोंडाकडे बघत होती. तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही. संत्र्याच्या बिया हातात घेऊन ती उठून गेली.

घरी

बागेचं आधी सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याला चुटपुट राहायला नको. माघाच्या सुरुवातीला शेटजींच्या समोर मी डाव्या हाताने डोळे भरले. शेटजींनी कपाळाला हात लावला, त्यांच्या दिवाणजींनी 'राम, राम' म्हणत तोंड फिरवलं. मी खाली मान घालून काम करत राहिलो. तीन आठवड्यांनी सोपटं सोडली तेव्हा दोन सोडून सगळे डोळे हिरवे होते. शेटजी प्रत्येक रोपापाशी स्वतः वाकले. नाशकाकडच्या माणसाला त्यांनी नको म्हणून कळवलं. देवाला पहिलं फळ जायचं तेव्हा काय ते बघू, असं म्हणाले.

पण माझ्या मनातून जात नाही ती गोष्ट मी परत आलो त्या दिवशीची आहे. उन्हं अजून अंगणात होती. सगुणा ओट्यावर सागरगोटे खेळत होती, उजव्या हाताने. वर उडवलेला गोटा दर वेळी तिच्या बोटांना लागून खाली पडत होता. मी गेलो त्या आधी वर्षभर ती तशीच खेळत होती आणि मी त्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. मी चाकू काढला, कुंपणाच्या लिंबाची डहाळी तोडली आणि तिच्या शेजारी बसून डाव्या हाताने डोळा काढून दाखवला. बायको दारातून म्हणाली, "अगं बाई, डाव्या हाताने?"

सगुणेने माझ्या हाताकडे पाहिलं. तिचा डावा हात ओट्यावर टेकलेला होता, तो तिने पटकन उचलून मांडीखाली घातला आणि त्याच्यावर बसली.

"ये," मी म्हणालो. "बघ कापून. तुला हव्या त्या हाताने."

तिने उजवा हात पुढे केला. मी म्हणालो, "तो नको. दुसरा दे. मी मारणार नाही."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग अगदी शहाण्या मुलीसारखी म्हणाली, "मला तो येतच नाही, अण्णा. मी विसरले तो."